पाचशे तीन वजा दोनशे अठ्ठ्याहत्तर

प्राथमिक शाळेतला गृहपाठ मुलांसाठी असतो, असे शाळा म्हणते. वर्गात जे शिकवले त्याचा घरी सराव व्हावा, एवढाच त्यामागचा हेतू, आणि तो मला मान्यही आहे; फक्त सराव करणाऱ्याने वर्गातले ऐकलेले असते आणि करवून घेणाऱ्याने ते ऐकलेले नसते, या बारीकशा तपशिलाकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

आमच्याकडे सध्या तिसरीतली वजाबाकी चालू आहे. ५०३ वजा २७८. मी ज्या पद्धतीत वाढलो तीत तेरातून आठ गेले पाच, हातचा एक. सात आणि एक आठ, दहातून आठ गेले दोन, हातचा एक. दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन, उत्तर २२५, असे एका दमात म्हणायचे असते. मी ते म्हणून दाखवले. कन्येने पेन्सिल खाली ठेवली आणि रुग्णाच्या नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलणाऱ्या डॉक्टरांच्या स्वरात विचारले, “बाबा, पण हा एक आला कुठून?”

तो कुठून येतो हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि विचारण्याची आमच्या वेळी पद्धतही नव्हती. हातचा यायचा आणि आपण तो निमूटपणे घ्यायचा.

तिच्या बाईंच्या राज्यात मात्र कोणताही आकडा आपला पत्ता सांगितल्याशिवाय आत येत नाही. तीनातून आठ जात नाहीत, म्हणून एककाने दशकाकडे मागायला जायचे. तिथे शून्य, म्हणजे शेजारीच कफल्लक. मग दशकाने शतकाचे दार ठोठवायचे, पाचांपैकी एक शतक सुटे करून दहा दशके आणायची आणि त्यातले एक पुन्हा सुटे करून एककाच्या पदरात टाकायचे. शेवटी वर चार शतके, नऊ दशके आणि तेरा एकक उरतात. हा सगळा व्यवहार नुसता लिहून भागत नाही, त्याचे चित्र काढावे लागते: शतकाला चौकोन, दशकाला उभी काडी, एककाला टिंब. तिने पाच चौकोन पट्टीने आखले, ते सारखे दिसेनात म्हणून खोडले, पुन्हा आखले, पुन्हा खोडले, आणि तिसऱ्या चौकोनाच्या जागी कागदाला भोक पडून त्यातून मागच्या पानावरचा सातचा पाढा डोकावू लागला. या भोकाला शतक मानावे की नाही, यावर आमची जी चर्चा झाली तिच्या वेळात माझ्या पद्धतीने अख्खे पान सोडवून झाले असते. (हे मी मोठ्याने बोललो नाही.)

ती झोपल्यावर मी गुपचूप वाचन केले. माझ्या हातच्यालाही पत्ता आहे. वरच्या संख्येत दहा एकक वाढवले की खालच्या संख्येत एक दशक वाढवायचे. दोन्हीकडे सारखीच भर पडल्यामुळे फरक तोच राहतो. हे वाचून मान ताठ झाली, पण फार वेळ नाही. अमेरिकेत विल्यम ब्राउनेल आणि हॅरॉल्ड मोझर यांनी तिसरीच्याच मुलांच्या वजाबाकीवर १९४९ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि त्यात सुटे करण्याची रीत अर्थासह शिकलेली मुले सरस ठरली होती. माझी रीत लहान मुलांना पटवून देणे अवघड, असेही त्यांना आढळले होते. म्हणजे माझा पराभव माझ्या जन्माआधीच छापून आलेला होता.

दुसऱ्या दिवशी मी हातच्याचा खुलासा सविस्तर मांडला. कन्येने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, “बरोबर आहे बाबा, पण आज उड्या आहेत.” उड्या म्हणजे संख्यारेषा. २७८ वर उभे राहायचे, दोनची उडी मारून २८० गाठायचे, वीसने ३००, दोनशेने ५०० आणि तीनने ५०३. साऱ्या उड्यांची बेरीज २२५. वजाबाकी असूनही कुठेच काही वजा करावे लागत नाही, ही गोष्ट मला इतकी आवडली की मी आणखी दोन उदाहरणे स्वतःहून सोडवली. ती तिने तपासली आणि बाण काढले नाहीत म्हणून एक गुण कापला.

पुढच्या आठवड्यात भागाकार सुरू होणार असल्याची सूचना वहीत चिकटून आली आहे. त्याच्या किती रीती चालू आहेत याची आगाऊ चौकशी करण्याचे काम मी पत्नीकडे सोपवले होते. तिने ते शेरा न मारता परत पाठवले आहे.