‘बेगडी’ हा शब्द टाळण्याचे काही उपाय

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे ‘अस्सल देवगड हापूस’ची पेटी आली. दोन डझन, 1800 रुपये. वरच्या थरातले चार आंबे देवगडचेच असावेत. खालचा कापला, आईने फोड तोंडात घातली आणि विचारलं, “काकडी चिरलीस का रे?” मी विक्रेत्याला फोन करून ‘बेगडी माल’ म्हणालो, तर त्यानेच मला सुनावलं, “काका, शब्द जपून वापरा.”

खरंय त्याचं. तेव्हा तुम्हीही जपून वापरा.

आधी अर्थ समजून घ्या. बेगड म्हणजे गणपतीच्या मखराला लावतात तो चकचकीत पातळ कागद. आपण सोनं आहोत असं तो कधी म्हणत नाही. दहा दिवस चमकतो आणि गप्प माळ्यावर जातो. असल्या आंब्याला बेगडी म्हणून मखराचा अपमान करू नये.

‘फसवणूक’ तर मुळीच नको. ‘दिशाभूल’ म्हणा. काय सोज्वळ शब्द! आंबा कर्नाटकातून निघाला, वाटेत बिचाऱ्याची दिशाभूल झाली आणि तो देवगडच्या पेटीत जाऊन बसला. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ‘दिशाभूल करणारी जाहिरात’ असंच म्हणतात. त्यात 10 लाखांपर्यंत दंडही आहे, पण ते मनावर घेऊ नका.

बिल मागू नका. मागितलं की आंबा आंबट लागतो.

‘अस्सल’ हा शब्द मात्र सढळ हाताने वापरा. 2018 मध्ये पालघर ते सिंधुदुर्ग अशा पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे खोक्यावर छापायला आणखी एक ओळ मिळाली. आमच्या खोक्यावर समुद्र होता, किल्ला होता, ‘नैसर्गिकरीत्या पिकवलेला’ होतं. आत कोकण आवृत्तीच्या पेपराची पानं. तेवढी रद्दी अस्सल निघाली. आंबा बाहेरून पिवळाधमक, आत पांढरा. कार्बाइडने पिकवायला बंदी आहे, म्हणून बाजारात त्याला ‘मसाला’ म्हणायचं. मसाला! लहान पोरांच्या तोंडात जातं ते! आणि कर्नाटकचा आंबा काय वाईट असतो का? त्याच्या नावाने, त्याच्या भावाने विका ना, मी दोन पेट्या घेईन. तिकडच्या शेतकऱ्याचं नाव पुसायचं आणि अवकाळी पाऊस, थ्रिप्सची कीड सोसून बाग राखणाऱ्या देवगडवाल्याचं नाव चोरायचं. एका खोक्यात दोन शेतकरी बुडवता, वर मला सांगता शब्द जपून वापरा?

सोसायटीत अकरा घरांनी त्याच्याकडून पेट्या घेतल्या होत्या. ग्रुपवर लिहिलं, 1915 या हेल्पलाइनवर मिळून तक्रार करू. चार अंगठे आले, दोन नमस्कार आले. एकाने लिहिलं, “आमचीही तशीच निघाली. उरलेली साहेबांना देऊन टाकली.”

अरे, लाज वाटू द्या जरा! खराब निघाली हे कळल्यावर दिलीत? वरचे चांगले चार पुन्हा वर रचून? मग त्या विक्रेत्याला कुठल्या तोंडाने नावं ठेवता? अठराशे रुपये गेले तरी तोंड उघडवत नाही तुमच्याने, आणि पार्किंगवरून रात्री बारापर्यंत भांडता.

आज सकाळी ग्रुपवर पहिला मेसेज: “दुसऱ्या लॉटची ऑर्डर कधीपर्यंत द्यायची?”