खुलासा : पेट्रोल टाकीचे झाकण सैल ठेवू नये

सांगली-मिरजेतील अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक संदेश फिरत आहे. कुलपाचे झाकण किल्लीने घट्ट बंद केल्यास उन्हात वाफ कोंडून दुचाकीची टाकी फुटते, म्हणून झाकण सैल ठेवावे, असे त्यात म्हटले आहे. हे खरे नाही.

कुलूप लावल्याने टाकी हवाबंद होत नाही. जुन्या गाड्यांच्या झाकणातच हवा ये-जा करण्यासाठी बारीक छिद्र असते, तर १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (प्रदूषणाचे कडक निकष पाळणाऱ्या) गाड्यांत टाकीतील वाफ नळीवाटे कोळशाच्या डब्यात शोषली जाते आणि इंजिन चालू झाल्यावर तेथून ओढून जाळली जाते. पेट्रोल ठिणगीशिवाय आपोआप पेटण्यासाठी २०० अंश सेल्सिअसहून बरेच अधिक तापमान लागते. आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन कितीही भाजून काढत असले तरी टाकी तितकी तापत नाही. उलट, सैल झाकणातून निघणारी वाफ हाच खरा धोका आहे, शिवाय पावसाचे पाणी आत जाते ते वेगळेच.

छिद्र धुळीने बुजले तर मात्र त्रास होतो : गाडी काही अंतर जाऊन बंद पडते, झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज येतो आणि ती पुन्हा चालू होते. अशा वेळी झाकण साफ करून घ्यावे, भेगाळलेला रबर बदलावा आणि किल्ली अडकत असल्यास तेलाऐवजी ग्रॅफाइटची पूड वापरावी, कारण तेलावर धूळ चिकटते.

तो संदेश कृपया पुढे पाठवू नये. पाठवला असल्यास त्याच गटात हा खुलासा टाकावा.