कुत्र्या-मांजरांचे दात भूल न देता साफ होत नाहीत

पुण्या-मुंबईत आंघोळ, नखं, कान यांच्या जोडीला आता ‘विदाउट अ‍ॅनेस्थेशिया डेंटल क्लीनिंग’ही मिळू लागलं आहे. कुत्र्याला दोघांनी घट्ट धरायचं, ओठ वर करायचा आणि हातातल्या स्केलरने सुळ्यांवरचं, दाढांवरचं पिवळं-तपकिरी कीटण खरवडून काढायचं. अर्ध्या तासात दात पांढरे दिसतात आणि पालक समाधानाने घरी जातात. माझं मत स्पष्ट आहे: यात पैसे वाया जातातच, शिवाय आजार झाकला जातो. अमेरिकेतलं पशुदंतवैद्यांचं कॉलेज आणि लहान प्राण्यांच्या पशुवैद्यांची जागतिक संघटना या दोघांचाही या प्रकाराला उघड विरोध आहे.

कीटण डोळ्यांना दिसतं म्हणून तोच आजार वाटतो. खरा आजार हिरडीच्या खाली असतो. दात घासल्यावर काही तासांतच त्यावर जंतूंचा चिकट थर बसायला लागतो. कुत्र्याची लाळ आपल्यापेक्षा जास्त अल्कधर्मी असल्यामुळे दोन-तीन दिवसांत तो थर कडक होऊन त्याचं कीटण बनतं. (याच लाळेमुळे कुत्र्यांचे दात आपल्यासारखे सहसा किडत नाहीत, त्यांचा आजार हिरडीचा.) तिथून जंतू दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेत उतरतात. निरोगी कुत्र्यात ही खाच फार तर ३ मिलिमीटर खोल असते, मांजरात १ मिलिमीटरच्या आत. ती खोल होत गेली की दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं, आणि झिजलेलं हाड परत येत नाही.

जागं जनावर या खाचेत हत्यार घालू देत नाही, द्यावं अशी अपेक्षाही चुकीची आहे, कारण ते दुखतं. जिभेकडची बाजू तर तशीच राहते. वर धातूच्या हत्याराने पडलेले ओरखडे पॉलिश न करता सोडले की त्या खरखरीत पृष्ठभागावर नवा थर आधीपेक्षा लवकर चिकटतो. पालकांना वाटतं, तोंडाचं काम झालं. पॉमेरेनियन, यॉर्की, चिवावा अशा लहान जातींत हा गैरसमज फार महागात पडतो. त्यांच्या खालच्या पहिल्या मोठ्या दाढेची मुळं जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत पोचलेली असतात. तिथलं हाड पोखरलं गेलं की सोफ्यावरून मारलेल्या उडीनेसुद्धा जबडा मोडतो. वरच्या सुळ्याच्या आतल्या बाजूचं हाड गेलं तर तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक पडतं. मग एका नाकपुडीतून पाणी, शिंका, आणि महिनोन्‌महिने सर्दीची औषधं.

खरी सफाई कशी होते ते माहीत असलं की फरक लगेच कळतो. आधी रक्त तपासतात: पेशी, मूत्रपिंड, यकृत, साखर. शिरेत सुई लावून सलाईन सुरू होतं. भूल चढल्यावर श्वासनलिकेत फुगा असलेली नळी बसवतात आणि पुढची भूल आयसोफ्लुरेनसारख्या वायूने चालते. ही नळी तडजोडीची गोष्ट नाही. अल्ट्रासॉनिक स्केलरमधून (वेगाने कंप पावून कीटण सोडवणारं यंत्र) सतत पाणी उडत असतं. नळी नसेल तर ते पाणी जंतूंसकट फुप्फुसात जाऊ शकतं. नुसतं झोपेचं इंजेक्शन देऊन, नळी न घालता केलेलं स्केलिंग म्हणूनच जागेपणीच्या खरवडण्यापेक्षाही धोक्याचं. घशात गॉज ठेवतात आणि शेवटी ते मोजून काढतात. विसरलेलं गॉज शुद्धीवर येताना जीव घेऊ शकतं.

स्केलरची बाजू दाताला हलकेच लावायची, टोक नाही. एका दातावर सलग १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही, नाहीतर उष्णतेने आतला मज्जाभाग मरतो. मग हिरडीखाली क्युरेट (खरवडायचं गोलसर टोकाचं हत्यार), किंवा त्यासाठीचं वेगळं बारीक टोक. त्यानंतर खुणा असलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजून तक्त्यावर लिहायची. कुत्र्याचे ४२ दात, मांजराचे ३०. कंटाळवाणं काम आहे, पण निदान इथेच होतं. शेवटी कमी वेगावर, भरपूर पेस्ट घेऊन पॉलिश. ते काही शोभेसाठी नसतं, स्केलरने झालेला खरखरीतपणा घालवण्यासाठी असतं.

एक्स-रेबद्दल मी आग्रही आहे. दाताचा निम्म्याहून जास्त भाग हिरडीखाली असतो. कॅलिफोर्नियातल्या १९९८च्या एका अभ्यासात, वरून तोंडात काहीच दोष दिसत नव्हता अशा कुत्र्यांपैकी सुमारे २८ टक्के आणि मांजरांपैकी सुमारे ४२ टक्के जनावरांत एक्स-रेने महत्त्वाचा आजार दाखवला. मांजरांचा आकडा जास्त असण्याचं मोठं कारण म्हणजे दात विरघळण्याचा आजार. बहुतेकदा खालच्या जबड्यातली पुढची दाढ आधी जाते. हिरडीजवळ लालसर ठिपका दिसतो, कीटण असेल तर तोही दिसत नाही. यात सिमेंट भरून उपयोग नसतो, दात काढावा लागतो. मूळ शाबूत असेल तर पूर्ण काढायचं, मूळ हाडात मिसळून गेलं असेल तर वरचा भाग कापून हिरडी शिवायची. हा निर्णय एक्स-रेशिवाय घेणं म्हणजे अंदाजाने चालणं. दात काढताना, कुत्रा असो की मांजर, नसेजवळ बधिरीकरण हवंच. अनेक मुळांची दाढ आधी बरने (ड्रिलच्या फिरत्या टोकाने) कापून एकेक मूळ वेगळं करायचं. कुत्र्याच्या वरच्या मोठ्या दाढेला तीन मुळं असतात. ती अखंड ओढली तर मूळ आत तुटून राहतं आणि पुढे पू होतो.

मांजरांच्या बाबतीत दोन चुका वारंवार सांगाव्या लागतात. तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा गॅग फार वेळ ताणून लावला तर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी दबते, आणि भुलीतून उठलेलं मांजर आंधळं झालेलं असू शकतं. दुसरी चूक नळीची. तिचा फुगा जास्त फुगवला, किंवा मांजराला कुशीवर वळवताना नळी यंत्रापासून सोडवली नाही, तर श्वासनलिका फाटू शकते.

भुलीची भीती मी कधीच हसण्यावारी नेत नाही. ब्रिटनमधली २००८ साली प्रसिद्ध झालेली मोठी पाहणी सांगते की निरोगी कुत्र्यांत भुलीशी संबंधित मृत्यू सुमारे १८५० मागे एक, निरोगी मांजरांत सुमारे ९०० मागे एक. आजारी जनावरांत हे प्रमाण बरंच वाढतं. म्हणूनच सगळे दात हलेपर्यंत थांबू नका. त्या पाहणीत बरेच मृत्यू काम संपल्यानंतरच्या पहिल्या तीन तासांत झाले होते. त्यामुळे दवाखान्यात विचारायचा प्रश्न ‘भूल सुरक्षित आहे का?’ एवढाच नको. नळी घालणार का, ऑक्सिजन, रक्तदाब आणि तापमान कोण बघणार, भुलीवर लक्ष ठेवायला दात साफ करणाऱ्यापेक्षा वेगळा माणूस आहे का, दातांचा एक्स-रे आहे का, आणि शुद्धीवर येताना जवळ कोण बसणार, हे विचारा. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

तोंडाला वास आला की दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिकचा कोर्स, ही सवय सोडा. आठवडाभर वास कमी होतो, आजार तिथेच राहतो.

आता हाडं. मटणाची शिजवलेली नळी दात साफ करते हा समज घरोघरी आहे. वरची मोठी दाढ अशाच कडक वस्तूंवर कपचा निघून फुटते: नळी, शिंग, खूर, बर्फ. आतली नस उघडी पडते, कुत्रा दुसऱ्या बाजूने चावत जेवत राहतो, आणि एक दिवस डोळ्याखाली सूज येते. नखाने दाबून खूण पडत नाही ती वस्तू चावायला देऊ नका.

पिल्लं सहा-सात महिन्यांची झाली की ओठ वर करून बघा. एकाच जागी दोन सुळे, एक दुधाचा आणि एक कायमचा, दिसले तर दुधाचा लगेच काढून घ्या. पॉम आणि शिह त्झूमध्ये हे नेहमीचं आहे. थांबलात तर कायमचा सुळा वाकडा येतो आणि कधी टाळूत रुततो.

सफाईनंतर ब्रश रोज हवा. दात काढले असतील तर दोन आठवडे मऊ अन्न, आणि टाके बरे झाल्यावरच ब्रश. मऊ केसांचा लहान ब्रश घ्या, पेस्ट प्राण्यांचीच. आपल्या पेस्टमध्ये फ्लोराइड असतं, काहींत झायलिटॉलही, आणि झायलिटॉल कुत्र्यांना विषारी आहे. तोंड उघडायला झटू नका. ओठ वर करून फक्त बाहेरची बाजू घासा, आतली बाजू जीभ बऱ्यापैकी पुसते. वेळ कमी असेल तर गालाकडची वरची मोठी दाढ आधी घ्या. लाळग्रंथीचं तोंड तिच्याजवळच उघडतं, म्हणून कीटण सगळ्यात आधी तिथेच जमतं.