‘फोटोवरून लायकेन ओळखता येत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतकी मुद्देसूद प्रतिक्रिया लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रसायनं आणि बीजाणू तपासल्याशिवाय लायकेनचं (बुरशी आणि शैवाल एकत्र राहून बनलेल्या जीवाचं) नाव खात्रीने सांगता येत नाही, म्हणून आमचं फोटोंचं डिजिटल मार्गदर्शक नवख्यांना खोटा आत्मविश्वास देतं आणि चुकीच्या नोंदी वाढवतं. त्याऐवजी नमुना गोळा करून त्यावर रसायनांचे थेंब टाकायला शिकवावं.

रसायनांचं महत्त्व मला मान्यच आहे. विल्यम निलांडर यांनी १८६६ मध्ये या चाचण्या मांडल्या आणि आजही त्यांच्यावाचून अनेक जातींचं पान हलत नाही. लेप्रारियाचंच पाहा. पिठाचा पातळ थर पसरल्यासारखा दिसणारा हा गट. त्यातल्या कित्येक जाती क्रोमॅटोग्राफीशिवाय (रसायनं वेगळी करून ओळखण्याच्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीशिवाय) वेगळ्या करता येत नाहीत. म्हणूनच त्याच्या पानावर ‘लेप्रारिया, पुढे फोटोवरून नाही’ असं ठळक लिहिलं आहे. प्रत्येक पानावर ही थांबण्याची जागा दाखवणं हेच मी या कामातलं सगळ्यात मोलाचं काम समजतो.

पण ‘फोटोवरून काहीच होत नाही’ हे मला पटत नाही. फिस्किया अ‍ॅडसेन्डेन्स आणि फिस्किया टेनेला या दोघी राखाडी, लहान, पाळ्यांच्या (पानासारख्या फाट्यांच्या) कडेला लांब केस असलेल्या. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला तर दोघीही पिवळ्या होतात, म्हणजे बाटली इथे निरुपयोगी. फरक आहे तो पाळीच्या टोकाला. पहिलीत टोक फुगून शिरस्त्राणासारखं होतं आणि सोरेडियाची (ज्यांपासून नवं लायकेन वाढू शकतं अशा बारीक कणांची) भुकटी त्याच्या आत असते. दुसरीत टोक ओठासारखं मागे वळतं. हे शब्दांत वाचून कितीजणांच्या डोळ्यांपुढे उभं राहील? एकाच प्रमाणात, शेजारीशेजारी ठेवलेले दोन जवळचे फोटो ते लगेच दाखवतात. टोकं तयार न झालेल्या कोवळ्या नमुन्याचा तिसरा फोटोही तिथेच आहे, ‘यावरून ठरवू नका’ या सूचनेसह.

खोटा आत्मविश्वास येतो तो एकाच ‘आदर्श’ फोटोमुळे. झँथोरिया परिएटिना उन्हात नारिंगी-पिवळी दिसते, पण सावलीत तिचं रंगद्रव्य कमी तयार होतं आणि ती करडी-हिरवी राहते. हिरवं शैवाल असलेल्या बऱ्याच लायकेनची वरची साल ओली झाली की पारदर्शक होते, आतला हिरवा रंग वर दिसू लागतो, आणि पाऊस पडून गेल्यावर तेच लायकेन अनोळखी वाटतं. त्यामुळे कोरडं, ओलं, सावलीतलं, जुनं असे सगळे फोटो हवेत. सोबत मिलिमीटरची पट्टी हवी, आणि पानांसारख्या प्रकारांत खालची बाजूही. प्रकाश तिरका हवा, कारण समोरून फ्लॅश मारला की उंचसखलपणा सपाट होतो आणि सालीने झाकलेले इसिडिया (बारीक उंचवटे) व सोरेडियाची उघडी भुकटी यांतला फरक कळत नाही. काही रसायनंही कॅमेऱ्यात पकडता येतात: ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात लायकेक्झँथोन हे रसायन असलेलं लायकेन पिवळं चमकतं, तेही नमुन्याला धक्का न लावता.

नमुने गोळा करायला सगळ्यांना शिकवावं, या सूचनेला मात्र माझा ठाम विरोध आहे. र्‍हायझोकार्पॉन जिओग्राफिकम हे खडकावरचं लायकेन वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही. तळहाताएवढा ठिपका खरवडला तर तो आपल्या हयातीत पुन्हा भरून येणार नाही. शिवाय चाचण्यांमधलं पॅराफिनिलिनडायअमिन हे रसायन विषारी आहे. ते मी कुणाही वाचकाच्या हाती देणार नाही. जिथे चाचणी अटळ आहे तिथे जाणकाराने छोटासा तुकडा घ्यावा, एवढंच.

चुकीच्या नोंदींची तुमची काळजी रास्त आहे. पण फोटो नसलेली नोंद चुकली तर ती तशीच राहते. मूळ फोटो जोडलेली नोंद नंतर कुणालाही तपासून दुरुस्त करता येते. म्हणून आमच्याकडे फोटोविना नोंद घेत नाही आणि प्रजातीपर्यंतच (म्हणजे जीनसपर्यंत, नेमक्या जातीपर्यंत न जाता) थांबलेली नोंदही पूर्ण मानतो.

तुम्ही उस्निया या दाढीसारख्या लोंबणाऱ्या लायकेनचा उल्लेख केलात. फांदी हळूच ताणल्यावर आत दिसणारा पांढरा, लवचीक दोरा ही त्या प्रजातीची खूण, आणि ते पान तिथेच थांबतं. कोणत्या पानांवर आम्ही थांबायला हवं त्याच्या पुढे गेलो आहोत असं तुम्हाला वाटतं? नावं कळवा. तुमचं कारण फोटोंशी ताडून त्या पानांची मर्यादा मागे आणायची माझी तयारी आहे.