साडेसहा इंच आणि अर्धा सूत

ऑटोकॅड या नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर, प्लॅनमध्ये म्हणजे वरून पाहिलेल्या नकाशात, जिना कोणीही काढतो. एक चौकोन, त्यात समांतर रेघा, मधोमध बाण आणि बाणाच्या शेपटाशी 'अप' ही दोन अक्षरं. झाला जिना. खरी परीक्षा एलिव्हेशनला, म्हणजे समोरून पाहिलेल्या उभ्या नकाशाला, कारण तिथे जिन्याला उंची येते आणि कुठेतरी पोचावंही लागतं.

कोकणातलं नेहमीचं काम घ्या. मुंबईचा चाकरमानी, गावचं जुनं घर उतरवून तिथे एक मजला चढवतोय. जोतं चिऱ्याचं, वर स्लॅब आणि स्लॅबवर हौसेने पुन्हा कौलं. मजल्याची उंची ३००० मिलिमीटर, रायझर म्हणजे पायरीच्या उभ्या बाजू अठरा, नऊ-नऊचे दोन टप्पे, मध्ये वळायला सपाट लँडिंग. तीन हजार भागिले अठरा म्हणजे १६६.६६ आणि पुढे जन्मभर सहाच. नवशिका इथे १६७ धरतो, अठरा वेळा कॉपी मारतो आणि वरच्या मजल्याच्या ६ मिलिमीटर वर निघतो. मग शेवटची पायरी ट्रिम करून गप्प बसतो. पण डायमेन्शन, म्हणजे नकाशावरचं माप, ही चहाडखोर जात. ती तिथे १६१ दाखवते.

सरळ उपाय असा: मजल्यापासून मजल्यापर्यंत उभी रेघ मारा, डिव्हाइड कमांड द्या, अठरा भाग सांगा. एंटर मारल्यावर स्क्रीनवर काहीही होत नाही. म्हणून माणूस पुन्हा मारतो. आणि पुन्हा. प्रत्यक्षात सगळं झालेलं असतं, पॉइंट फक्त रेघेच्या पोटात लपलेले असतात. पॉइंट स्टाइलमध्ये जाऊन फुली निवडली की सतरा फुल्या दिसतात. तीनदा कमांड दिली असेल तर एकावर एक बसलेल्या एक्कावन्न. त्यातही ओस्नॅपमध्ये, म्हणजे कर्सर नेमक्या बिंदूला चिकटवणाऱ्या सोयीत, नोड हा पर्याय चालू नसेल तर कर्सर त्यांना ओळखच दाखवत नाही.

मग पॉलिलाइनने एक रायझर आणि २७५ चा एक ट्रेड, म्हणजे पाय ठेवायची आडवी बाजू. कॉपी करताना बेस पॉइंट रायझरच्या पायथ्याशी धरायचा आणि ठेवायचा ट्रेडच्या टोकावर. दोन रायझर आणि एक ट्रेड मिळून ६०० ते ६४० च्या आसपास असावेत, या गणिताचं मूळ सतराव्या शतकातल्या फ्रेंच वास्तुविशारद फ्रान्स्वा ब्लाँदेलकडे. आपलं ६०८ येतं. एवढ्यात लाईट जाते. ऑटोसेव्ह मुळात दर दहा मिनिटांनी होतं आणि लाईट नेमकी नवव्या मिनिटाला जाते, असं माझं प्रामाणिक मत आहे.

यानंतर पायऱ्यांच्या पोटातला तिरका वेस्ट स्लॅब, १५० जाडीचा. ही जाडी उताराला काटकोनात मोजतात. पायऱ्यांचे आतले कोपरे जोडणारी रेघ १५० ने ऑफसेट केली, म्हणजे काटकोनात मोजून समांतर सरकवली, तर बरोबर. तीच सरळ खाली १५० वर कॉपी केली तर जाडी १२८ भरते. दिसायला दोन्ही सारखेच. सळ्या बांधणाऱ्याला मात्र फरक कळतो आणि तो मोठ्याने सांगतो.

सगळ्यात छुपा घोटाळा फरशीचा. मजल्यावर फरशी आणि खालचा मसाला मिळून ५०, पायरीवर कडप्पा आणि मसाला मिळून ४०. काँक्रीटमध्ये सगळे रायझर समान ठेवले की फरशी बसल्यावर पहिली पायरी १५७ ची होते आणि शेवटची १७७ ची. डोळ्याला हे दिसत नाही, पायाला दिसतं. म्हणून एलिव्हेशन आधी तयार फरशीच्या पातळीवर काढायचं आणि मग फरशी वजा करत काँक्रीटपर्यंत उतरायचं. हे उलटं करणारे खूप आहेत. त्यांच्या जिन्यावर पाहुणा पहिल्या पायरीलाच यजमानांना नमस्कार घालतो.

कठड्याचं वेगळंच. लँडिंगवर खालच्या टप्प्याचा शेवटचा रायझर आणि वरच्याचा पहिला रायझर एकाच रेघेत ठेवले की दोन्ही हातकठडे एकमेकांना भेटत नाहीत, मध्ये एका रायझरची उडी पडते. वरचा टप्पा लँडिंगपासून एक ट्रेड लांब सरकवला की भेटतात. प्लॅनमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

हे सगळं छापून साईटवर गेलं की मिस्त्री कागद उलटासुलटा करून पाहतो. "ह्या सगळा कागदार बरा दिसता. पायरी किती इंचाची, ता सांगा." १६६.६६ म्हणजे साडेसहा इंच आणि अर्धा सूत. अर्धा सूत कोण धरतो? पण इंचाला आठ सूत, आणि अठरा अर्धे सूत मिळून एक इंच एक सूत. तेवढा जिना खाली राहतो. चांगला मिस्त्री या हिशेबात पडतच नाही. दोन्ही मजल्यांच्या खुणा भिंतीवर मारतो, तेवढ्या उंचीची पट्टी घेतो आणि तिचेच अठरा भाग करतो. म्हणजे डिव्हाइडच, फक्त याचे पॉइंट दिसतात.

तेवढ्यात घरची वडीलधारी मंडळी विचारतात, पायऱ्यांची संख्या विषम आहे ना? आठ आणि आठ ट्रेड, मधलं लँडिंग धरून सतरा, असं मोजून दाखवायचं. वरचा मजला मोजू द्यायचा नाही.

शेवटी मुंबईहून फोन. "आईच्या गुडघ्यांना त्रास आहे, पायरी सहा इंचाची करा." मागणी रास्त आहे. १५० चा रायझर म्हणजे वीस पायऱ्या, दहा-दहा. टप्पा एका ट्रेडने लांबतो, ३२०० च्या खोलीत लँडिंग १००० वरून ७२५ वर येतं, जिन्याच्या रुंदीपेक्षाही कमी. म्हणजे भिंत बाहेर सरकवायला हवी, आणि चिऱ्याचं जोतं तर बांधून झालंय. हे सगळं फोनवर नीट समजावलं की पलीकडून तोडगा येतो: "मग पायऱ्या आहेत तेवढ्याच ठेवा ना, फक्त उंची कमी करा."

अठरा गुणिले १५० म्हणजे २७००. उरलेले ३०० मिलिमीटर आईंना कोणी वर ओढून घ्यायचं, तेवढं ड्रॉइंगवर लिहून द्या म्हणावं.