अक्कल आली म्हणून पक्ष बदलला?

'पंचविशीत जो डावा नाही त्याला काळीज नाही, आणि चाळिशीत जो उजवा झाला नाही त्याला डोकं नाही.' खाली नाव विन्स्टन चर्चिल यांचं, सोबत सिगारवाला फोटो. हा मजकूर फिरतो तेव्हा त्याला बहुधा एक शेपूटही असतं. वय वाढलं की जग कळतं, पगारातून कर कापला जायला लागला की समाजवादाचं भूत उतरतं, एकदा उतरलं की पुन्हा चढत नाही, आणि याच्या उलट जाणारे सगळे विकले गेलेले असतात! वाचायला चटपटीत आहे. यात खरं किती, ते पाहू.

'चर्चिल म्हणाले होते.' म्हणाल्याचा कुठलाही पुरावा नाही. अशा धाटणीचं वाक्य एकोणिसाव्या शतकातच फ्रान्समध्ये चलनात होतं, आणि तेव्हा ते प्रजासत्ताकवाद्यांना उद्देशून होतं. गंमत म्हणजे हे वाक्य ज्याच्या तोंडी शोभणार नाही असा माणूस शोधायचा तर चर्चिलच सापडतील. १९०० साली ओल्डहॅममधून ते पहिल्यांदा संसदेत गेले तेव्हा पंचविशीत होते आणि निवडून आले ते उजव्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडून. पुढे त्यांच्या पक्षात आयात मालावर जकात लावण्याची मागणी जोर धरू लागली. चर्चिल मुक्त व्यापारावर ठाम होते. १९०४ मध्ये ते सरळ उठून समोरच्या, तेव्हा डावीकडे असलेल्या लिबरल पक्षाच्या बाकांवर जाऊन बसले. पस्तिशीत ते लिबरल सरकारचे गृहमंत्री होते, चाळिशीतही लिबरलच. जुन्या पक्षात परतले ते पन्नाशीला टेकताना. म्हणजे या वाक्याच्या हिशेबाने त्यांना पंचविशीत काळीज नव्हतं आणि चाळिशीत डोकं!

'वय वाढलं की माणूस उजवीकडे सरकतो.' हा खरा दावा, आणि तो तपासलाही गेला आहे. १९३० च्या दशकात थिओडोर न्यूकम हे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या बेनिंग्टन या मुलींच्या कॉलेजात शिकवत होते. मुली बहुतेक श्रीमंत, उजव्या रिपब्लिकन पक्षाच्या घरांतल्या. प्राध्यापक मात्र बरेचसे डावीकडे झुकलेल्या डेमोक्रॅट पक्षाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या धोरणांच्या बाजूचे. १९३६ च्या निवडणुकीत पहिल्या वर्षाच्या बहुसंख्य मुलींचा कल घरच्यांप्रमाणे रिपब्लिकन लँडन यांच्याकडे होता. वरच्या वर्गांत लँडन यांचं नाव घेणाऱ्या थोड्याच उरल्या होत्या. कॉलेजात मान कुणाला मिळतो, मैत्रिणी कोण, यावर बरंच ठरत होतं. ज्या मुली घराशी घट्ट बांधलेल्या राहिल्या, त्या फारशा बदलल्या नाहीत.

न्यूकम यांनी १९६० च्या सुमारास त्याच बायकांना पुन्हा गाठलं. आता त्या चाळिशीत, खाऊनपिऊन सुखी, म्हणजे डोकं यायच्या नेमक्या वयाच्या. बहुसंख्य जणींची पसंती रिपब्लिकन निक्सन यांना नव्हती, डेमोक्रॅट केनेडींना होती. ज्या पुन्हा माहेरच्या पक्षाकडे वळल्या, त्यांचे नवरे आणि उठण्याबसण्यातली माणसं साधारण त्याच पक्षाची होती. साठी ओलांडल्यावर, १९८४ मध्ये विचारलं तेव्हाही बहुतेकींचा कल बदललेला नव्हता.

मिशिगन विद्यापीठानेही १९६५ साली शाळेच्या शेवटच्या वर्गात असलेल्या मुलांना पार १९९७ पर्यंत पुन्हा पुन्हा गाठून प्रश्न विचारले. त्यातून दिसलं ते असं की पक्षनिष्ठा विशीत हलते आणि तिशीनंतर बरीचशी घट्ट होते. एक गोष्ट मान्य करायला हवी. थोडेफार जे नंतर बदलतात, त्यांत डावीकडून उजवीकडे जाणारे काहीसे जास्त असतात, असं याच माहितीवरून निघालं आहे. पण बहुसंख्य जिथे होते तिथेच राहतात, हेही त्यातच आहे.

म्हातारे सगळीकडे उजवेच असतात, हेही खरं नाही. रशियात १९९६ च्या निवडणुकीत कम्युनिस्ट उमेदवार झ्युगानोव यांचा मोठा आधार पेन्शनर होते. तरुणांचा ओढा त्यांचे प्रतिस्पर्धी, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्याकडे. विशीत जे अंगात मुरलं, तेच म्हातारपणी बोलत होतं.

'पगार आला, कर कापला, की भूत उतरतं.' काहींचं उतरत असेल. पण पगाराबरोबर पेन्शनची, औषधपाण्याची, नोकरी जाण्याची काळजीही येते, आणि ती माणसाला कुठल्या पक्षाकडे नेईल ते सांगता येत नाही.

'एकदा उतरलं की पुन्हा चढत नाही.' इंग्लंडमधला बोल्सोव्हर हा जुन्या कोळसा खाणींचा मतदारसंघ. १९५० मध्ये तो तयार झाल्यापासून कायम डाव्या लेबर पक्षाकडे. ब्रेक्झिटच्या हवेत २०१९ साली तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह निवडून आला. २०२४ मध्ये लेबर परत. पाच वर्षांत सगळ्या गावाची अक्कल आली आणि गेली, असं म्हणायचं का?

'उलट जाणारे विकले गेलेले.' आमदार-खासदारांच्या उड्या आणि मतदाराचं मन बदलणं या दोन गोष्टींची इथे सरमिसळ होते. आयाराम-गयारामाला मंत्रिपद मिळतं, मतदाराला कोण काय देतं? शिवाय पुष्कळदा मतदार जागेवरच असतो आणि पक्ष सरकतो. अमेरिकेतले कृष्णवर्णीय मतदार गुलामगिरी संपवणाऱ्या लिंकनचा पक्ष म्हणून पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन होते. १९३२ मध्येही ते बहुसंख्येने तिकडेच होते. मंदीत रूझवेल्ट यांच्या सरकारने कामं आणि मदत दिली, आणि १९३६ मध्ये बहुसंख्यांनी डेमोक्रॅटांना मत दिलं. दक्षिणेतले गोरे पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट, त्यांचं उलटं झालं. १९६४ मध्ये डेमोक्रॅट जॉन्सन यांनी नागरी हक्कांच्या कायद्यावर सही केली आणि त्याच वर्षी दक्षिणेतल्या अलाबामा राज्याने राष्ट्राध्यक्षपदासाठी रिपब्लिकन उमेदवाराला कौल दिला. वंशभेदावरची तिथल्या गोऱ्यांची मतं काही रातोरात बदलली नव्हती. पण बापजाद्यांचा पक्ष इतक्या सहज सुटतही नाही: राष्ट्राध्यक्षपदाला बहुधा रिपब्लिकन आणि राज्यात डेमोक्रॅट, असं दशकानुदशकं चाललं. त्याच अलाबामाच्या विधिमंडळात रिपब्लिकनांचं बहुमत आलं ते २०१० मध्ये.