सोसोगडाला जाताय? गावचा माणूस सोबत घ्या

थंडी पडू लागली की ओळखीतली मुलं विचारतात, "दादा, सोसोगडाचा जीपीएस ट्रॅक मिळालाय, मग वाटाड्याला पैसे कशाला द्यायचे?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. माझं मत ठाम आहे. सोसोगडाला गावचा माणूस घेतल्याशिवाय जाऊ नये.

प्रत्येक डोंगराला वाटाड्या लागतोच असं नाही. वाट मळलेली आहे, खाली गाव दिसतंय, मोबाईलला रेंज आहे, तर खुशाल आपले आपण जा. सोसोगड त्यातला नव्हे. ११६६ मीटर उंचीचं हे गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्याच्या रानात आहे. आधी वन खात्याची परवानगी काढावी लागते. रेंजचाही भरवसा नाही.

आता त्या ट्रॅकबद्दल. तो कुणीतरी कधीतरी चालून गेल्याची फोनमधली खूण आहे, आजची वाट नव्हे. एका पावसाळ्यात रान वाट गिळून टाकतं. २०२३ च्या मार्चमध्ये याच अभयारण्यात वणवे पेटले होते, विझवायला नौदलाची हेलिकॉप्टर आणावी लागली. असं जळून गेलेल्या उतारावर पुढे काय आणि किती दाट उगवलंय, ते फोनला कुठून कळणार?

सत्तरीतल्या एका रानात वाटेला दोन फाटे फुटले होते. दोन्ही सारखेच रुंद, सारखेच तुडवलेले. आमच्याबरोबरच्या काकांनी जमिनीकडे पाहिलंच नाही, वर पाहिलं. एका वाटेवर डोक्याच्या उंचीच्या फांद्या कोयत्याने छाटलेल्या होत्या, काही घाव जुने, काळे पडलेले, एक ताजा, अजून ओलसर. दुसऱ्या वाटेवर एकही घाव नव्हता. "ती गव्यांची," काका म्हणाले. "खाली व्हाळात, म्हणजे ओढ्यात उतरते आणि तिथंच संपते." मी मान वर करून पाहिलं नसतं. तुम्हीही पाहिलं नसतं.

आणि माकडताप विसरू नका. गेल्या काही वर्षांत सत्तरीतल्या गावांनी या तापाने माणसं गमावली आहेत. तो गोचिडीमुळे होतो आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या डोंगर चढण्याच्या दिवसांत. कुठल्या भागात माकडं मेलेली सापडली, म्हणजे हा ताप कुठे असू शकतो, हे गावात आधी कळतं. तिकडून जायचं नाही, हे सांगायला गावचाच माणूस हवा.

मात्र गावातला कुणीही चालेल असं समजू नका. त्याला सरळ विचारा, "वर शेवटचे कधी गेला होता?" उत्तर ऐकून मग ठरवा. कुठला व्हाळ अजून वाहतोय आणि कुठला आटलाय, हेही विचारून घ्या, कारण पाणी किती उचलायचं ते त्यावर ठरतं. किती वाजता, असू तिथून मागे फिरायचं, ते निघण्याआधीच त्याच्याशी बोलून पक्कं करा. एकदा तो "आता परतू" म्हणाला की वाद घालू नका, शिखर समोर दिसत असलं तरी. तो वाट दाखवायला आलाय, तुमच्या पिशव्या वाहायला नव्हे. टॉर्च, औषधं, खाणं तुमचं तुम्ही न्या, आणि त्याच्या पुरतंही न्या.

शहरातून गर्दी घेऊन येणारे काही आयोजक माणशी भरपूर पैसे घेतात आणि गावच्या वाटाड्याच्या हातावर मात्र चहापाण्याचे ठेवतात. हे पाहिलं की माझा जीव जळतो. त्या दिवशी तो बागायतीतलं काम सोडून तुमच्याबरोबर आलेला असतो. हजारो रुपयांचे बूट घालून त्याच्याशी दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नका. रक्कम आदल्या दिवशी ठरवा आणि खाली उतरल्यावर लगेच त्याच्याच हातात द्या, मध्यस्थाच्या नाही.